पाण्यात उतरण्याआधी

माझं लहानपण दोन घरांत जेवण्यात गेलं. एक आमचं घर आणि दुसरं कुंपणापलीकडचं, मोठेबाबांचं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दोन्ही घरांच्या मधे बांबूच्या तट्ट्यांचं कुंपण होतं आणि त्याला माझ्या येण्याजाण्याने एक भोक पडलं होतं. ते कोणी बुजवत नसे. दर पावसाळ्यानंतर वडील नवे तट्टे बांधायचे, पण तेवढी जागा सोडून. आमच्या घरात आईच्या हातचं आंबट, तिखट जेवण. आई सिरोंच्याकडची, माहेरी तेलुगू बोलणारी, म्हणून चिंच आणि अंबाडी यांच्याशिवाय तिची भाजी पुरी होत नसे. मोठेबाबांच्या बायकोला आम्ही मोठीमाय म्हणायचो. तिच्याकडे जाड तांदळाचा भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि पाट्यावर वाटलेली जवसाची चटणी. आमच्याकडे भाजीचा वास आवडला नाही की मी भोकातून पलीकडे, आणि तिथे वरणच असेल तर परत अलीकडे. मोठीमायच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या. तिला माझ्या जाण्यायेण्याचं अप्रूप होतं.

आमचं गाव गोंडपिपरीच्या पलीकडे, वैनगंगेच्या अंगाला. धानाच्या बांध्या संपल्या की लगेच जंगल सुरू. माझे वडील, बाबा, ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक होते. मंडळी म्हणजे आमच्या गावची चार घरं आणि आसपासच्या खेड्यांतली तेवढीच. आठवडाभर ते सायकलवर, सायकल जात नसेल तिथे पायी, गावोगाव फिरायचे, आणि रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर पोरांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायचे. संध्याकाळी कंदील लागला की घरात प्रार्थना. बाबा मराठीत आणि आई तेलुगूत, दोघं एकाच वेळी. मी एक डोळा उघडा ठेवून एकदा बाबांकडे, एकदा आईकडे पाहत बसे. एकदा मी विचारलं, "बाबा, देव दोघाईचं एकाच टाइमाले कसं आयकते?"

"तू नाई आयकत काय? इकून माय बोलते, तिकून मोठीमाय बोलते."

"हे पोरगी दोघींचंबी आयकत नाई," आई म्हणाली, आणि बाबांना प्रार्थना पुन्हा सुरू करायला बराच वेळ लागला.

माझं नाव सुवार्ता. शुभवर्तमान याच अर्थाचं, बाबांनी मोठ्या हौसेने ठेवलेलं. मोठीमायच्या तोंडात ते मावत नसे. ती मला सुवा म्हणायची. आमच्याकडे पोती शिवायच्या मोठ्या सुईला सुवा म्हणतात, आणि तेच नाव मला जास्त शोभतं असं तिचं मत होतं, कारण मी ज्याला त्याला टोचत असे. हे का, ते कसं, मंग त्याच्या आधी काय होतं.

रविवारच्या ओसरीवर टोचणारी मी एकटी नव्हते. ख्रिस्ती घरांतली पोरं असत, आणि टोल्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या, गोंड घरांतलीही येत. ती बहुधा गाण्यासाठी आणि शेवटी मिळणाऱ्या गूळ-फुटाण्यांसाठी. त्यांचे देव त्यांच्या घरी होते. त्यावरून बाबांनी कधी कोणाला ओसरीवरून उठवलं नाही. गोष्ट मात्र सगळे कान देऊन ऐकायचे आणि मग गोष्टीची दाणादाण उडवायचे. जलप्रलयाची गोष्ट निघाली तेव्हा एका गोंड मुलीने विचारलं, त्या मोठ्या नावेत वाघ होता आणि बकरी होती, तर वाघ इतके दिवस काय खात होता? जंगलातल्या पोरांना हा प्रश्न पडणारच. वाघाची जेवणाची वेळ त्यांना ठाऊक होती. बाबांनी पुस्तक उघडलं, वाचून पाहिलं, पुन्हा मिटलं. "इथी लिहिलं नाई," ते म्हणाले. "म्हनून मले मालूम नाई." पुढे आयुष्यात मी पुष्कळ विद्वान उपदेशकांसमोर बसले. त्यांतल्या फार थोड्यांच्या तोंडून मी हे शेवटचं वाक्य ऐकलं.

आता या दोन घरांमधली एक गोष्ट सांगायला हवी. ती मी रोज पाहत होते आणि तरी मला दिसली नव्हती. बाबा मोठेबाबांकडे गेले की ओसरीवरच बसायचे. आत कधी जात नसत. त्यांच्यासाठी कोनाड्यात जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, एक लोटा वेगळा ठेवलेला असे. मोठीमाय त्यात वरून पाणी ओतायची, बाबा पिऊन तो स्वतः धुवायचे आणि पालथा घालायचे. मोठेबाबा आमच्याकडे आले तर अंगणातल्या बाजेवर बसत, तंबाखू मळत, शेतीचं बोलत, पण पाणीही घेत नसत. मला वाटे, काही लोक चपला बाहेर काढतात तसं हे काहीतरी मोठ्या माणसांचं असेल. बाबा तरुणपणी ख्रिस्ती झाले आणि जातीने त्यांना बाहेर काढलं, हे मला शब्दांनी माहीत होतं. त्या शब्दांचा आणि लोट्याचा संबंध मी लावला नव्हता.

आमच्या मंडळीत तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा होत नसे. मूल समजतं झालं, स्वतःच्या तोंडाने हो म्हणू लागलं, की मग नदीत. त्या वर्षी धान कापून झाल्यावर चांद्याहून, म्हणजे चंद्रपूरहून, पाळकसाहेब येणार होते, आणि पाण्यात उतरणाऱ्या पोरांत माझंही नाव होतं. बाबा आम्हाला तयार करत होते. मला सगळी उत्तरं पाठ होती. मी आनंदात होते, आणि खरं सांगायचं तर नवा पांढरा झगा शिवला होता त्याचाही त्या आनंदात वाटा होता. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी मी भोकातून पलीकडे गेले. मोठीमाय सुपात तांदूळ पाखडत होती.

"मोठीमाय, उद्या मी पान्यातून आली का मले काय करून देशीन?"

"काय पाहिजे?"

"वडे."

"देईन ना." ती खडे निवडत राहिली. मग सहज, जसं भाजीत मीठ घातलं असं सांगावं तसं म्हणाली, "तुह्यासाठी बी एक लोटा काढून ठेवला हाय. तुह्या बापाच्यापेक्षा बरा हाय, पोचा नाई एकबी."

मला कळलंच नाही. "मले कायले लोटा?"

"मंग तू त्याईच्यातली होशीन ना व. आता लेकरू हायेस, लेकराचं काई नसते. उद्यापासून ओसरीवर बसशीन." आणि माझ्याकडे पाहून तिने सूप खाली ठेवलं. "रडते काऊन? वडे तं करनारच हाय मी."

तिच्या बोलण्यात दुष्टावा मुळीच नव्हता. तिने लोटा निवडून ठेवला होता, त्यातल्या त्यात चांगला. आज इतक्या वर्षांनी ते आठवलं की मला तिची मायाही दिसते. तेव्हा मला फक्त तिची चूल दिसत होती. आत, अंधारात, तिच्या मांडीला लागून मी जिथे बसायचे, ती जागा.

नदीवर सकाळी धुकं होतं. बाया पांढरी लुगडी नेसून काठावर गात होत्या. पाळकसाहेब कमरेइतक्या पाण्यात, त्यांच्या शेजारी बाबा. माझ्या आधीचा मुलगा बुडी मारून थरथरत वर आला आणि बाबांनी मला हात केला. मी पाण्यात गेले, गुडघ्यापर्यंत. पाळकसाहेबांनी ठरलेला प्रश्न विचारला. प्रभूवर तुझा विश्वास आहे का, त्याच्या मागे जायची तुझी इच्छा आहे का, असा. उत्तर मला झोपेतही येत होतं.

"आज नाई," मी म्हणाले.

गाणं थांबलं. पाळकसाहेबांना वाटलं, थंडीला घाबरली. ते हसून म्हणाले, "अगं, क्षणभराचं काम आहे."

"थंडीचं नाई. मले बाबाले एक विचाराचं हाय."

"मग विचार."

"इथी नाई."

साहेबांनी बाबांकडे पाहिलं. ते रागावले नव्हते, पण काठावर सगळी मंडळी उभी होती, आणि उपदेशकाचीच मुलगी. "दौलतराव, हिची तयारी झाली होती ना?"

बाबा पाण्यात तसेच उभे होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यावर लाज येऊन गेली, ती मी पाहिली, आणि मग ती गेली. ते म्हणाले, "माझ्याकडून झाली होती, साहेब. तिच्याकडून बाकी दिसते. थांबू द्या तिला."

काठावर कुजबुज सुरू झाली होती. स्वतःच्या पोरीला जो सांगू शकत नाही तो आम्हाला काय सांगणार, असं कोणी म्हणालंही असेल. आईने माझ्या अंगावर चादर टाकली, "पद, अम्मा," म्हणजे चल बाई, एवढंच म्हणाली, आणि मला घरी आणलं. चुलीपाशी बसवून तिने चिंचेचं गरम सार दिलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेब परत गेल्यावर बाबा माझ्यापाशी येऊन बसले. "बोल आता."

मी लोट्याचं सांगितलं. मला वाटलं, मी बाबांना काहीतरी लागेल असं बोलले. ते वर्षानुवर्षं त्या पोचे आलेल्या लोट्यातून पाणी पीत होते. ते मला समजावतील, यासाठीही त्यांच्याकडे एखादी गोष्ट असेल, अशी माझी खात्री होती. पण ते म्हणाले, "याचं उत्तर मले मालूम नाई. ज्याच्या घराचं हाय त्यालेच विचारू." आणि उठून कुंपणाच्या फाटकाकडे चालायला लागले.

मोठेबाबा खळ्यावर होते. धान पसरलेलं आणि त्यावरून ते बैल गोल गोल फिरवत होते. बाबा खळ्याच्या कडेला थांबले. "दादा, तुह्या पोरीले काई विचाराचं हाय."

"ते तं रोजच असते." मोठेबाबांनी बैल थांबवले नाहीत. मी त्यांच्या बरोबरीने गोल चालत विचारलं, "मी पान्यात उतरली तं तुमीबी मले बाहेरच वाढसान काय?"

बैल आपोआप थांबले, कारण मोठेबाबा थांबले होते. त्यांनी डोक्याचा शेला सोडून तोंड पुसलं. "मंग काय करू बापा? जात हाय. मी एकटा हाय काय?" मग शेला पुन्हा बांधत, "तुह्या बापाले बाहेर बसवाचं मी नाई ठरवलं. मले कोनी विचारलंबी नाई."

मला एकदम लक्षात आलं की मलाही एक गोष्ट कोणी कधी सांगितली नव्हती. "बाबा काऊन उतरले होते पान्यात?"

बाबा सांगायला लागले, पण मोठेबाबांनी हात वर केला. "थांब. त्याले काय याद असन, तो तं तापात होता. मी सांगतो." ते तणसाच्या ढिगाला टेकून बसले, आणि मला आयुष्यातली सगळ्यात मोठी शास्त्राची शिकवण त्या तणसावर, शास्त्र कधी न वाचलेल्या माणसाकडून मिळाली.

बाबा तेव्हा माझ्याहून लहान होते. जंगलात पायात काटा मोडला, पाय सडला, मांडीपर्यंत सुजला. गावचे सगळे उपाय झाले. शेवटी मोठेबाबांनी त्यांना पाठीवर घेतलं, पुढे कोणाच्या बंडीत, बंडी थांबली की पुन्हा पाठीवर, असं करत चांद्याकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथे एक नर्सबाई होती. "तिनं पायाचं फडकं सोडलं तं असा वास आला का मी बाहेर जाऊन ओकलो," मोठेबाबा म्हणाले. "सख्खा भाऊ मी, आन मी बाहेर. ती बाई आतच. हातानं पू काढे, धुये, रोज. मी तिले विचारलं, बाई, तुमची जात कोनती? ती म्हने, पाय धुऊन झाला का सांगते. कधी सांगतलंच नाई."

संध्याकाळी ती बाई आजाऱ्यांना गोष्टी सांगायची. त्या ऐकतच बाबा बरे झाले, आणि मोठे झाल्यावर त्या गोष्टींपायीच पाण्यात उतरले. मोठेबाबा खांबाआड बसून ऐकायचे, वेळ जात नसे म्हणून. "एक आजबी याद हाय. तो बुटका मानूस झाडावर चढून बसलेला. गावात त्याच्याकडं कोनी जेवत नाई. आन हा येशू झाडाखाली उभा राहून म्हनते, उतर खाली, आज तुह्याच घरी येतो. मले मजा वाटली. मी बाईले विचारलं, त्याच्या घरी गेला म्हनून याले जातीबाहेर टाकलं काय? तिनं पुस्तक मिटलं. मंग म्हने, हो भाऊ, आखरीले तेच केलं त्याईनं, गावाबाहेर नेऊन मारलं."

बाबा खाली बसले होते, केव्हा ते मला कळलं नाही. "दादा, हे तू मले कधी सांगतलं नाई."

"तू कधी विचारलं नाई. तू मले सांगतच राह्यला ना इतके वर्सं." मोठेबाबा हसले, आणि आश्चर्य म्हणजे बाबाही हसले, डोळे पुसत.

मी सुवाच होते, मी सोडलं नाही. "मंग तुमी काऊन नाई उतरले?"

त्यांनी तणसातली एक काडी मोडली. "घरी मायबाप होते. दोघंबी गेलो असतो तं त्याईले कोन पाहे? आन खरं सांगू काय, मले गोष्ट आवडली होती. पन गोष्ट आवडनं आन पान्यात उतरनं एकच हाय का, ते मले नाई समजलं. आताबी नाई समजत." मग त्यांनी माझं डोकं आपल्या खरखरीत हाताने हलवलं. "तू पाह्य तुह्यं. माह्यासाठी थांबू नोको. बापासाठी घाई करू नोको." आणि बैलांना हाक मारून ते पुन्हा गोल फिरायला लागले.

त्या वर्षात आमच्या ओसरीवरचा रविवार बदलला. बाबा गोष्ट सांगून झाल्यावर पुस्तक बाजूला ठेवायचे आणि पोरांना विचारायचे, "आता तुमी सांगा, तुमाले काय वाटलं?" सुरुवातीला कोणाला तोंड उघडवेना, नंतर कोणाचं बंद होईना. वाघ नावेत काय खात होता यावर एक पूर्ण दुपार गेली. मंडळीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तक्रारही केली, की उपदेशकच पोरांना विचारत बसला तर उपदेश कोण करणार. बाबा त्यांना म्हणाले, "मी करतोच हाय. फक्त आयकूनबी राह्यलो."

पावसाळ्यात एका रविवारी नाल्याला पूर आला आणि बाबा दुसऱ्या गावी अडकले. पोरं तर भिजत येऊन ओसरीवर बसली होती. आई म्हणाली, तूच सांग. मी झाडावरच्या बुटक्या माणसाची गोष्ट सांगितली, मोठेबाबांच्या पद्धतीने, जातीसकट, ओसरीसकट. त्या माणसाला वेगळा लोटा मिळतो, तो रोज एकटा जेवतो, असं मी सांगितलं तेव्हा पोरं हलायची थांबली. आणि येशू आज तुह्याच घरी जेवतो म्हणाला, हे सांगताना मी उठून उभी राहिले. मला तोपर्यंत वाटत होतं की माझ्यापुढचा प्रश्न मोठीमायच्या चुलीजवळ बसायचं की नाही हा आहे. त्या दिवशी मला झाडाखाली उभा असलेला तो माणूस दिसला, सगळं गाव चिडलेलं असताना वर बघून हसणारा, आणि वाटलं, याच्याबरोबर जायचं. कुठेही बसवलं तरी. यापेक्षा मोठं काही घडलं नाही. आभाळ उघडलं नाही, पाऊस पडतच होता. लोक मला विचारतात, तुमचा विश्वास कधीपासूनचा, तेव्हा मी त्या ओसरीचं सांगते. त्यांना काहीतरी जास्त अपेक्षित असतं असं दिसतं.

पुढच्या हिवाळ्यात मी नदीत उतरले. पाळकसाहेब तेच होते. त्यांनी प्रश्न विचारण्याआधी मिश्किलपणे विचारलं, "आज काही विचारायचं राहिलं आहे का?" मी म्हणाले, "हाय. पन ते मंग विचारीन." काठावर मंडळी गात होती, आणि तिच्यापासून बऱ्याच अंतरावर, बाभळीपाशी, मोठेबाबा बैल घेऊन उभे होते.

ओल्या केसांनीच मी कुंपणाच्या भोकातून पलीकडे गेले. मी वाढले होते, खांदा आडवा करून जावं लागलं. मोठीमायने ओसरी सारवून ठेवली होती. माझ्याकडे न पाहता तिने पाट मांडला, ताट आणलं, त्यात वडे होते, वरणभात होता, आणि शेजारी तो बिनपोच्याचा लोटा. वरून पाणी ओतताना थोडं माझ्या पायावर सांडलं. ती लगेच आत गेली. मी बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण भूकच फार लागली होती.

तेवढ्यात आत पाट सरकवल्याचा आवाज झाला. मोठेबाबा आपलं ताट हातात घेऊन बाहेर आले आणि माझ्यापासून हातभर अंतरावर, भिंतीला टेकून बसले.

"लोकं पाह्यतीन," आतून मोठीमाय म्हणाली.

"पाहू दे. मी माह्याच ओसरीवर बसलो."

जातीत त्याचं पुढे काय बोलणं झालं, मला कधी कळलं नाही. एवढं खरं की आमच्या घरात ते शेवटपर्यंत जेवले नाहीत, आणि मी गेले की ओसरीवर माझ्याबरोबर जेवल्याशिवाय ते शेवटपर्यंत राहिले नाहीत. काही दिवसांनी बाबाही तिथे आमच्याबरोबर जेवायला बसू लागले.

त्या दिवशी मात्र आम्ही दोघंच होतो. मोठेबाबांनी एक वडा संपवला. मग माझ्याकडे थोडं झुकून त्यांनी हळूच विचारलं, "आत काय दिसते व?"

"कुठी?"

"पान्याच्या आत. तुह्या बापानं हे कधी सांगतलं नाई."

"डोये मिटले होते," मी म्हणाले. "काई नाई दिसलं. पन आयकू येत होतं."

"काय?"

"गानं. दुरून येते तसं. आन बैलाईच्या घंट्या."

मोठेबाबांनी भाताचा घास कालवला, पुन्हा कालवला.

"तहान लागली होती बैलाईले, म्हनून नेले होते," ते म्हणाले.